भावाला संपाचं चार्जशीट आलंय. बेकायदा संपात बसलेल्या कामगाराचं पुढे काय होतं?

चाफा | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

माझा धाकटा भाऊ चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. पगारवाढीचा करार संपून वर्ष उलटलं होतं. मागणीपत्रावर कामगार खात्यात समेटाची बोलणी चालू होती, नुसत्या तारखा पडत होत्या. सप्टेंबरमध्ये युनियनच्या एका पदाधिकाऱ्याला सकाळी गेटवरच अडवून निलंबनाचं पत्र दिलं. ते कळल्यावर पहिल्या पाळीने मशीन बंद केली आणि सगळे कॅन्टीनसमोर जाऊन बसले. दुसरी पाळी आली, तीही बसली. तीन दिवस. मारामारी नाही, तोडफोड नाही. चौथ्या दिवशी युनियननेच सांगितलं, चला कामावर.

त्यानंतर आठवड्याभरात भावासकट साठ जणांना रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. आत पाच पानी चार्जशीट (पोलिसांचं नाही, कंपनीचं आरोपपत्र) आणि निलंबनाचा आदेश. ‘बेकायदेशीर संपात सहभागी होणे, इतरांना चिथावणी देणे, वरिष्ठांचा आदेश न मानणे, उत्पादनाचे नुकसान करणे.’ उत्तराला ४८ तास. आईने ते पाकीट देवाच्या फोटोमागे ठेवलंय, रोज संध्याकाळी दिवा लावताना तिथेच बघते. भाऊ म्हणतो सगळेच बसले होते, एकट्याला काय करणार? मेव्हणे म्हणतात नोकरी गेलीच समजा. घराचा हप्ता चालू आहे. खरं काय ते जाणकारांनी सांगावं.

अण्णा_भोसरी | १२ ऑक्टोबर २०२५

ताई, आधी पाकीट देवामागून काढा आणि उत्तराची मुदत वाढवून मागणारा अर्ज आजच्या आज द्या. पोच घ्या. कोणी पोच देत नसेल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तीस वर्षं युनियनचं काम केलंय, चौकशांमध्ये कामगारांच्या बाजूने बसलोय. त्या अनुभवावर सांगतो.

संप बेकायदा ठरतो तो मागणी खोटी म्हणून नाही, पद्धत चुकली म्हणून. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की चौदा दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा. मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी सभासदांचं बहुमत घ्यावं लागतं, ते घेतलं नाही तरी बेकायदा. ज्या मागण्यांवर समेटाची बोलणी चालू आहेत त्यांसाठी बोलणी संपेपर्यंत आणि नंतर सात दिवस संप करता येत नाही. चालू कराराने बांधलेल्या विषयावरही नाही. तुमच्या भावाच्या प्रकरणात नोटीसच नव्हती, त्यामुळे संप कायदेशीर होता असा पवित्रा घेऊन लढू नका. तिथे जमीन भुसभुशीत आहे.

पण ‘बेकायदा संप म्हणजे नोकरी गेली’ हेही धादांत चूक आहे. बेकायदा संपात जाणं ही स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांप्रमाणे, गैरवर्तणूक आहे हे खरं. ती गैरवर्तणूक प्रत्येक माणसाच्या नावाने, त्याने काय केलं ते दाखवून शाबीत करावी लागते. अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्जच्या प्रकरणात कंपनीने संपकऱ्यांना घाऊक काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये निकाल दिला की संप बेकायदा असला तरी नुसता बसलेला आणि हिंसा करणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. पुढाऱ्याच्या मागे गेलेल्या साध्या कामगाराला थेट बडतर्फी ही शिक्षा जड होते. म्हणून त्या पाच पानांत ‘चिथावणी’ हा शब्द कुठे आहे ते शोधा. तारीख, वेळ, ठिकाण, कोणाला काय म्हणाला, हे लिहिलंय का? की साठ जणांच्या चार्जशीटमध्ये तोच परिच्छेद नाव बदलून चिकटवलाय?

चाफा | १२ ऑक्टोबर २०२५

अण्णा, आत्ताच पाहिलं. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या मित्राचं चार्जशीट व्हॉट्सॲपवर मागवलं. शब्दशः तेच आहे. टोकन नंबर तेवढा वेगळा. आणि एका ठिकाणी माझ्या भावाच्या कागदावर मित्राचाच टोकन नंबर राहून गेलाय.

अण्णा_भोसरी | १२ ऑक्टोबर २०२५

त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. उत्तरात त्याचा उल्लेख जरूर करा, पण नुसता तेवढाच मुद्दा घेऊन बसू नका.

लालबागची_लेक | १३ ऑक्टोबर २०२५

धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

माझे बाबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करायचा हक्क, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या कुणाशी बोलायचं बंधन मालकांवर नव्हतं. म्हणून संप पहिल्या दिवसापासून बेकायदा. तो मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत कुणी केलीच नाही.

घरात ‘बेकायदा’ हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. आईला वाटायचं पोलीस बाबांना घेऊन जातील. पोलीस आले नाहीत, फक्त पगाराचा दिवस यायचा बंद झाला. आधी गावाकडून तांदूळ, मग पितळेची भांडी मोडीत, मग आई दोन घरी पोळ्या लाटायला. बाबांना नंतर परत घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेले पात्र, अशी अट होती. म्हणजे संपात गेलेलेही त्यात आले. आमच्याकडे बाबांचं गिरणीचं तिकीट आणि फंडाची चिठ्ठी होती, आईने तांदळाच्या डब्यात जपलेली. ताई, तुम्ही भावाचे जुने पगारपत्रक, हजेरीचा कागद, फंडाचा नंबर, सगळं एका फायलीत लावा. कुठला कागद तीस वर्षांनी कामाला येईल सांगता येत नाही.

कार्मिक_विभाग | १३ ऑक्टोबर २०२५

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, एका मध्यम कारखान्यात कार्मिक अधिकारी. प्रामाणिकपणे लिहितो.

‘सगळेच बसले होते’ हे उत्तर कृपया देऊ नका. आमच्या फायलीत पहिला कागद असतो तो कॅमेऱ्याचं चित्रण आणि सुपरवायझरचा रिपोर्ट. कोण उभा राहून बोलत होता, कोणी दुसऱ्या पाळीला गेटवर थांबवलं, कोणी कॉम्प्रेसरचा स्विच बंद केला, हे आम्ही शोधतो. नुसता बसलेल्याला बहुतेक ठिकाणी पगारकपात, ताकीद किंवा चार दिवसांचं निलंबन यावर सोडतात, कारण साठ प्रेस ऑपरेटर एकदम बदलता येत नाहीत. बडतर्फी पाच-सात जणांवर येते. तेव्हा भाऊ त्या पाच-सातांत आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

आणि पगार. संपाच्या दिवसांचा मिळणार नाही, ते मनात धरू नका. काम नाही तर दाम नाही हे बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात १९९० मध्ये पक्कं झालंय. तिथे चार तासांच्या संपासाठी अख्ख्या दिवसाचा पगार कापला होता. १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा, तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो. शिवाय एका दिवसाला आठ दिवस कापायचा अधिकार कंपनीला आहे.

अण्णा_भोसरी | १३ ऑक्टोबर २०२५

साहेब, बाकी तुमचं म्हणणं रास्त आहे, पण आठ दिवसांचं अर्धवट सांगताय. वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये दहा किंवा जास्त माणसं संगनमताने, नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिली तर नोटिशीच्या बदल्यात जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार कापता येतो. अशी नोटीस द्यायची अट नेमणुकीच्या अटींत असली पाहिजे. ‘आठ दिवसांपर्यंत’ असे शब्द आहेत. प्रत्येक दिवसाला आठ असा गुणाकार त्या शब्दांत मला कधी दिसला नाही. कारखान्यांत मात्र तो बिनदिक्कत केला जातो. कायदा लागू होतो महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला, त्याच्या वर असेल तर स्थायी आदेश आणि नेमणूकपत्र बघायचं.

जे कुणी सांगत नाही ते नुकसान वेगळंच असतं. भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस हजेरी लागते, संपाचे दिवस त्यात धरत नाहीत. ज्याची हजेरी काठावर आहे त्याची वर्षाची रजा तीन दिवसांसाठी जाते. पुढे कामगार कपातीची वेळ आली तर नुकसानभरपाई मोजताना कायदेशीर संपाचे दिवस सलग सेवेत धरतात, बेकायदा संपाला ते संरक्षण नाही. संपाच्या दिवसांत आजारी पडलात तर कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) आजारपणाचा भत्ताही साधारणपणे मिळत नाही. तीन दिवसांच्या संपात हे किरकोळ वाटेल, दोन महिन्यांच्या संपात माणूस यातच मोडतो.

कार्मिक_विभाग | १३ ऑक्टोबर २०२५

गुणाकाराबद्दल तुमचं वाचन मान्य. मी नेहमीची पद्धत सांगितली, कलम पुन्हा वाचलं नव्हतं.

पंढरीचा_प्रवासी | १४ ऑक्टोबर २०२५

एसटीचा संप कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी कर्मचारी नाही, पण आमच्या गावाला एसटीशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे रोज बातम्या वाचायचो.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला, मागणी राज्य शासनात विलीनीकरणाची. आझाद मैदानावर कर्मचारी म्हणत, हा संप नाही, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांचा दुखवटा आहे. त्या शब्दामागचं दुःख खरं होतं. पण मिळून काम थांबवलं की कायदा त्याला संपच म्हणतो, नाव काहीही द्या. हजारो लोक निलंबित झाले, बडतर्फ झाले. रोजंदारीवरच्यांची तर थेट सेवासमाप्ती. मधल्या काळात पगारवाढ जाहीर झाली, तेव्हा काही परतले, बरेच बसून राहिले. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा म्हणून सांगितलं आणि महामंडळाला संपकऱ्यांना परत घ्यायला लावलं. विलीनीकरण झालंच नाही.

माझ्या मनात राहिलंय ते हे की पाच-सहा महिन्यांचा पगार गेला तो प्रत्येकाचा स्वतःचा गेला. नोकरी वाचली ती मात्र सगळ्यांची एकत्र, कोर्टामुळे. असं कोर्ट प्रत्येक वेळी मिळेल हे धरून कुणी बसू नये. तमिळनाडूत २००३ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात सरकारी कर्मचारी एका फटक्यात काढले होते. बहुतेकांना परत घेतलं, पण बिनशर्त माफी आणि पुन्हा असं करणार नाही हे लिहून घेऊन. त्या प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्कच नाही.

चाफा | १६ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत आठ दिवस वाढवून मिळाली.

आता नवीन पेच. कंपनीतून फोन आला, हमीपत्रावर सही करा आणि कामावर या. मजकूर असा: ‘मी बेकायदेशीर संपात सहभागी झालो होतो, याचा मला पश्चात्ताप होत आहे, यापुढे असे वर्तन झाल्यास कोणतीही चौकशी न करता मला कामावरून काढून टाकण्यास माझी हरकत राहणार नाही.’ आई म्हणते सही कर आणि जा. भाऊ दोन दिवस जेवला नाही.

अण्णा_भोसरी | १६ ऑक्टोबर २०२५

ताई, आईंचं चुकत नाही. घरात चूल पेटायची असते. पण या कागदावर जशीच्या तशी सही नको.

चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून दिल्याशिवाय कामावर घेत नाही असं म्हणणं ही कायद्यात अनुचित प्रथा आहे. मात्र तिथे शब्द आहेत ‘कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराकडून’. तुमच्या प्रकरणात त्याचा पूर्ण आधार मिळेलच असं नाही. म्हणून मधला रस्ता. भावाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं की मी कामावर हजर होण्यास तयार आहे, कंपनीच्या नियमांप्रमाणे काम करीन, आणि माझ्यावरील आरोप मला मान्य नाहीत. तारीख, वेळ, पोच. ‘पश्चात्ताप’ हा शब्द म्हणजे चौकशीआधीच कबुली. ‘कोणतीही चौकशी न करता’ हे कोर्टात टिकायला कठीण, पण तो कागद पुढच्या भांडणात पहिला बाहेर निघतो. ‘सगळे हजर व्हायला तयार होते, कंपनीनेच घेतलं नाही’ हे पुढे दाखवायचं असेल तर तसा अर्ज आज फायलीत हवा.

आणखी एक. समेटाची बोलणी अजून चालू आहेत ना? मग औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे त्या वादाशी संबंधित गैरवर्तणुकीसाठी कंपनीला समेट अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय बडतर्फ करता येत नाही. ज्या बोलण्यांमुळे तुमचा संप बेकायदा ठरतो, तीच बोलणी कंपनीचेही हात बांधतात. युनियनला सांगा, बोलणी मोडू देऊ नका.

ठेक्यावरचा | १७ ऑक्टोबर २०२५

परमनंट लोकांना चार्जशीट तरी येतं. आम्ही ठेकेदाराची माणसं त्यांच्या बाजूला दोन दिवस बसलो होतो. आमच्या एका कारखान्यातली ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या दिवशी गेटपास पंच केला तर लाल दिवा. कागद नाही, चौकशी नाही, कुणाचं नाव नाही. ठेकेदार म्हणाला कंपनीने सांगितलं, कंपनी म्हणाली ठेकेदाराला विचारा. एवढंच लिहायचं होतं.

अण्णा_भोसरी | १७ ऑक्टोबर २०२५

भाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. युनियनवाले संपाला बोलावताना तुमची आठवण ठेवतात आणि तडजोडीच्या टेबलावर विसरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि एक-दोनदा माझ्याही हातून झालंय.

वकील_कोल्हापूर | २५ नोव्हेंबर २०२५

धागा उशिरा वाचला. भर घालतो, कारण कायदा आता बदललाय. २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी आली. ताईंच्या भावाचा संप सप्टेंबरमधला, त्यामुळे तो जुन्या कायद्यावर तपासला जाईल. पुढे जे बसतील त्यांनी मात्र नीट वाचावं.

पूर्वी केंद्राच्या कायद्यात संपाची नोटीस फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना (पाणी, वीज, रेल्वे अशा) सक्तीची होती. आता देशभर सगळ्या औद्योगिक आस्थापनांना चौदा दिवसांची नोटीस लागते. महाराष्ट्रातल्या कामगाराला हे नवं नाही, इतर राज्यांना मोठा धक्का आहे. दुसरं, पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा टाकली तर तोही संप. ‘आम्ही रजेवर होतो’ ही पळवाट बंद.

शिक्षेचं सांगायचं तर जुन्या कायद्यात बेकायदा संपात भाग घेतल्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. हो, पन्नास, १९४७ पासून तेवढाच. आता किमान एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला आणि बेकायदा संप चालवण्यासाठी जाणूनबुजून थेट पैसा पुरवणाऱ्याला दहा ते पन्नास हजार दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. संपकऱ्याच्या घरी किराणा भरणाऱ्या नातेवाइकाने यात घाबरून जाऊ नये असं माझं मत, कायदा ‘संप चालवण्यासाठी थेट’ दिलेल्या पैशाबद्दल बोलतो.

जुन्या कायद्याखाली अशा गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारच्या अधिकाराने केलेल्या तक्रारीवरच घेत असे, त्यामुळे नुसता संपात बसला म्हणून तुरुंगात गेलेला कामगार माझ्या वकिलीत मी पाहिला नाही. पोलीस ठाण्यात जी प्रकरणं गेली ती गेट अडवणं, हाणामारी, गाड्यांवर दगड यांची. अत्यावश्यक सेवांचं मात्र वेगळं. तिथे मेस्मा, म्हणजे अशा सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा, लावला की अटकेची टांगती तलवार खरोखरच असते.

निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो का ताई? पहिले नव्वद दिवस निम्मा पगार, आणि उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे पाऊण. मिळत नसेल तर लेखी मागा.

चाफा | २ फेब्रुवारी २०२६

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आले.

हमीपत्रावर सही केली नाही. अण्णांनी सांगितला तसा अर्ज भावाने स्वतः लिहिला, तीन वेळा खोडून. चार्जशीटचं उत्तर दोन पानी दिलं: तो कॅन्टीनसमोर बसला होता हे नाकारलं नाही, चिथावणी आणि आदेशभंग नाकारला, आणि चुकीच्या टोकन नंबरचं पान जोडलं. निर्वाह भत्ता मागितल्यावर सुरू झाला. चौकशीत त्याच्या बाजूने त्याच खात्यातला एक सहकारी बसला. दुसऱ्या तारखेला सुपरवायझरला विचारलं, याने कोणाला चिथावलं? तो बराच वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, सगळेच होते.

जानेवारीत युनियन आणि कंपनीचा करार झाला. भावाला चार दिवसांचं निलंबन ही शिक्षा, संपाच्या तीन दिवसांचा पगार नाही, आठ दिवसांची कपात मागे. या वर्षाची रजा थोडी कमी बसली. साठातले अठ्ठावन्न कामावर आले. तो पदाधिकारी आणि आणखी एक, दोघांची चौकशी अजून चालू आहे. त्यांच्यासाठी दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये काढायचं खात्याने ठरवलंय. वकीलसाहेब, ते घरखर्चासाठी आहेत, संपासाठी नाहीत, आणि वहीत तसं लिहिलंय.

सोमवारी त्याची पहिली पाळी होती. आईने पाकीट देवाच्या फोटोमागून काढून फायलीत लावलं, लालबागच्या ताईंनी सांगितलं होतं तसं.

वकील_कोल्हापूर | २ फेब्रुवारी २०२६

वहीवर तारीख आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या असू द्या. त्या दोघांना बडतर्फीचा आदेश आलाच तर वकिलाकडे त्याच आठवड्यात जायला सांगा. १९७१ च्या कायद्याखालच्या तक्रारीला नव्वद दिवसांची मुदत असते आणि ती समजुतीच्या बैठकांमध्येच निघून जाते. समेटाच्या बोलण्यांच्या सगळ्या तारखांचे कागद सोबत न्यायला लावा.